व्यावसायिक नाटक लिहिलं म्हणजे स्वतःला विकलं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पाच-सहा वर्षं एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं लिहिलीत. आता एका निर्मात्याने व्यावसायिक रंगभूमीसाठी दोन अंकी नाटक मागितलंय. तुम्हाला ते करायचंय, पैशांचीही गरज आहे, पण ग्रुपमधले मित्र म्हणतात, 'तूही विकला गेलास.' नाटक चालावं आणि आपण आपलेही राहावं, हे दोन्ही जमतं का?

जमतं. मी तेरा वर्षं नाटकं लिहितेय, त्यातली आठ व्यावसायिकला. जमलं ते सांगते आणि एकदा नाही जमलं तेही सांगते. दुसरं तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

मी सांगलीची. आमच्या गावाला मराठी नाटकाचा अभिमान असतो, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर'चा खेळ सांगलीतच केला, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो त्याचाच. पण त्याच्या पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार गेला. मंडळी गावोगाव फिरली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आपलं नाटक टिकलं ते राजा गेल्यावर लोकांनी पैसे मोजून ते बघितलं म्हणून. तिकीटखिडकीला हीन मानणाऱ्या माणसाशी मला वाद घालायचा नसतो, पण हे मी मनात धरून असते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या लहानपणाची. माझ्या आईने आयुष्यात जेवढी नाटकं बघितली ती सगळी दौऱ्यावर आलेली, भावे नाट्यमंदिरात, व्यावसायिक. पुण्या-मुंबईत छोट्या जागांमध्ये काय नवीन चाललंय हे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने जे काम उभं केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मी लिहायला शिकले तीही त्याच वाटेवरच्या लोकांकडून. पण दादरच्या हॉलमधलं नाटक सांगलीला येत नव्हतं. ट्रकमध्ये नेपथ्य आणि बसमध्ये नट घालून जे येत होतं तेच आईचं नाटक. मला तिच्यासाठी लिहायचं होतं. व्यावसायिककडे मी वळले त्यात पैसा हे कारण होतंच, पण हेही तेवढंच खरं कारण होतं.

मी हे सांगितल्यावर ज्यांच्याकडून संवाद लिहायला शिकले, ते म्हणाले, 'आता तू लोकांना आवडेल ते लिहिणार.' ते माझ्या शुभारंभाच्या प्रयोगाला आले नाहीत. नंतरही नाही. याचं वाईट वाटणं थांबतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. आठ वर्षं झाली, अजून वाटतं.

आता त्या पहिल्या नाटकाबद्दल. वडील गेल्यावर एक आई आणि दोन मुली, घर विकायचं की नाही यावर सगळं नाटक. शेवटी आई दोघींपैकी कुणाकडेच जात नाही, एकटी एका भाड्याच्या खोलीत राहायला जाते. वाचन झाल्यावर निर्माते दोन गोष्टी म्हणाले. एक, पहिला अंक पंचवीस मिनिटांनी कमी करा. दोन, शेवटी मुली आईला परत घेऊन येतात असं करा, कारण जड मनाने घरी गेलेला प्रेक्षक दुसऱ्याला 'जा, बघून ये' म्हणत नाही.

दुसऱ्याला मी नाही म्हटलं. ते नाटक आईच्या त्या जाण्यासाठीच लिहिलेलं होतं. ती परत आली की माझ्याकडे लिहायला काही उरत नव्हतं. चार दिवस त्यांचा फोन आला नाही आणि त्या चार दिवसांत मी नाटक गेलं असंच धरलं होतं. मग ते म्हणाले, ठीक आहे, पण पहिला अंक कापा.

पहिल्या अंकाच्या सुरुवातीला मोठ्या मुलीचं एक सात-आठ मिनिटांचं स्वगत होतं. माझं फार लाडकं. मी रडत कापलं. आणि प्रयोग सुरू झाल्यावर कळलं की ते कापायलाच हवं होतं. प्रायोगिकला माझे प्रेक्षक बहुतेक ओळखीचे होते. ते माझ्यासाठी थांबायचे, मी कुठेतरी पोचणार असा त्यांचा विश्वास होता. मिरजेत तिसऱ्या रांगेतल्या माणसाने दिवसभर दुकान सांभाळून तिकीट काढलेलं असतं, त्याचा माझ्यावर असा काही विश्वास नसतो. तो खोकतो, खुर्ची करकरते. विंगेत उभं राहून हे ऐकलं की संहितेत कुठे पाणी घातलंय ते अगदी ओळ दाखवून कळतं. या शिकण्याला तडजोड म्हणणारे लोक विंगेत उभे राहिलेले नसतात.

कराडच्या प्रयोगानंतर एक बाई मागे आल्या. नाटक आवडलं, रडू आलं, असं काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, 'त्या खोलीचं भाडं किती होतं?' मला क्षणभर कळलंच नाही. आई ज्या खोलीत जाते तिचं भाडं मी कुठे लिहिलंच नव्हतं, मला ते सुचलंही नव्हतं. त्या बाई मात्र बसल्या जागी हिशेब करत होत्या. पुढच्या प्रयोगापासून आईच्या तोंडी एक वाक्य आलं: 'साडेतीन हजार. लाइटबिल वेगळं.' प्रत्येक प्रयोगाला त्या वाक्यावर नाट्यगृह गप्प व्हायचं. मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि ते मला तिकीट काढून आलेल्या एका अनोळखी बाईंनी दिलं.

याच नाटकाला माझ्या जुन्या ग्रुपने 'गल्लाभरू' म्हटलं. बऱ्याच जणांनी न बघता.

आता जिथे चुकलं ते. दुसरं नाटक हलकंफुलकं होतं आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता, आजही वाटत नाही. लोकांना दोन तास खरं हसवणं अवघड काम आहे. पण तालमीत दुसरा अंक मधे ढिला पडत होता. नटांपैकी एकाने सुचवलं की शेजारच्या पात्राला बोलताना अडखळायला लावू. त्याने करून दाखवलं, तालमीच्या हॉलमध्ये सगळे हसले. मी दोन दिवस काही बोलले नाही, तिसऱ्या दिवशी तो प्रवेश लिहून आणला. शुभारंभाच्या दिवशी तिथे एवढा मोठा लाफ्टर आला की प्रयोग थांबला.

माझा मामा अडखळत बोलतो. लहानपणापासून ते बघितलंय; दुकानात गेल्यावर तो बोट दाखवून वस्तू मागायचा. नाटक सांगलीला आलं तेव्हा त्याने तिकिटं मागितली आणि मी त्याला सांगितलं की हाउसफुल्ल आहे, एकही मिळत नाही. तिकिटं होती.

साठाव्या प्रयोगाच्या सुमाराला मी तो प्रवेश काढायचा आग्रह धरला. नट म्हणाला, 'ती टाळी माझी आहे.' त्याचं चूक नव्हतं. लिहून मी दिला होता, उभा त्याने केला होता. निर्मातेही म्हणाले, चालतंय ते कशाला हलवायचं. १४० प्रयोग झाले आणि प्रत्येकात तो प्रवेश होता. मी त्या वेळी बाहेर वडापावच्या स्टॉलपाशी जाऊन उभी राहायचे.

त्या प्रवेशाबद्दल मला कुणीही काही बोललं नाही. परीक्षणात त्याचं कौतुक आलं. पहिल्या नाटकाला गल्लाभरू म्हणणारे मित्रही त्यावर गप्प होते; त्यांच्या लेखी मी तोवर गेलेलीच होते. तुम्हाला सांगायचंय ते हेच. मित्र ज्या दिवसाला 'विकला गेलास' म्हणतात, म्हणजे करारावर सही केली तो दिवस, त्या दिवशी काही विकलं जात नाही. ते होतं तालमीच्या हॉलमध्ये, एखाद्या मंगळवारी, सगळे हसत असताना. तिथे टीकाकार नसतात. त्यांच्यावर ते पकडण्याची भिस्त ठेवू नका आणि त्यांनी पकडलं नाही म्हणून सुटलो असंही समजू नका.

मग प्रत्यक्षात काय करायचं? निर्मात्याला भेटण्याआधी नाटकात काय बदललं तर ते तुमचं उरणार नाही, तेवढंच लिहून काढा. यादी लांब होऊ देऊ नका. माझ्या पहिल्या नाटकात ती एकच ओळ होती: आई परत येत नाही. बाकी सगळं, म्हणजे लांबी, पात्रं, नाव, विनोद, यावर मोकळेपणाने बोला. व्यावसायिकच्या माणसांना प्रेक्षकांची खरंच जाण असते. यादीत आपल्या लाडक्या वाक्यांना घुसवू नका. माझं स्वगत मी घुसवलं असतं तर भांडून ते वाचवलं असतं आणि नाटक घालवलं असतं.

करार नीट वाचा. मानधन प्रयोगामागे ठरतं, त्यामुळे किती प्रयोगांनंतर किती, दौऱ्याचे प्रयोग धरलेत का, इतर भाषांचे, चित्रीकरणाचे, चित्रपटाचे हक्क कुणाकडे, हे वेगवेगळं लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ मध्ये लेखकाला एक संरक्षण आहे: हक्क दुसऱ्याला दिल्यावरही आपल्या नावाला किंवा प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक दाद मागू शकतो. कोर्टात जायची वेळ येऊ नयेच, पण हे कलम तुम्हाला माहीत आहे एवढ्यानेही समोरचा जपून बोलतो. नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते, ती शेवटची प्रत तुम्ही स्वतः वाचून पाठवा आणि शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स घरी ठेवा. तालमीत नाटक सरकत जातं. मूळ काय ठरलं होतं ते दाखवायला तो कागद लागतो.

आणि नोकरी असेल तर सोडू नका, निदान पहिल्या दोन नाटकांपर्यंत. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली, मधे थोडी उघडून पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या आसनांवर परत उघडली. बॅकस्टेजच्या माणसांनी त्या काळात काय काय कामं केली ते मी बघितलंय. चालणारं एक नाटक पंधरा-वीस घरं चालवतं, हे 'गल्लाभरू' म्हणणाऱ्याने एकदा आमच्या बसमध्ये बसून बघावं. पण लेखकाच्या घरचं भाडं त्याच नाटकावर अवलंबून असेल तर त्या मंगळवारी 'नाही' म्हणणं फार कठीण होतं. दुसऱ्या नाटकाच्या वेळी माझी नोकरी नव्हती. कारण म्हणून नाही सांगत, पण तसं होतं खरं.

नाटककार विजय तेंडुलकरांनीही पत्रकारिता केली, चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९६९ मध्ये ते काम सोडून ते पूर्णवेळ नाटकात आले आणि डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' उभं राहिलं. तुमच्या मित्रांना एवढं विचारा की ते कुठे झालं. गोवा हिंदू असोसिएशनने ते तिकीट लावून, व्यावसायिक रंगभूमीवर केलं. कुसुमाग्रजांचं ते नाटक हलकं नाही, सुखान्त नाही, आणि लोक ते बघायला येत राहिले.

मित्रांचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. प्रयोग बघून बोलणाऱ्याचं ऐका, तो कितीही कडू बोलला तरी. माझ्या जुन्या ग्रुपमधली एकच मुलगी दुसरं नाटक बघायला आली होती. मागे येऊन भेटली, अडखळणाऱ्या पात्राबद्दल काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली, 'दुसऱ्या अंकात तू कुठे होतीस?' मी प्रयोगात कुठे बसले होते असं ती विचारतेय असं मला वाटलं आणि मी 'बाहेर' असं उत्तर दिलं. आता माझ्या प्रत्येक नाटकाचं पहिलं वाचन तिच्यासमोर होतं.

तुमचं वाचन कधी ठरलंय? त्याआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि संहिता मोठ्याने वाचा. करारातला एखादा मुद्दा अडला तर इथेच विचारा, मला ठाऊक असेल तेवढं सांगेन.