आभासी रस्त्यावरची सायकल

प्रश्न : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभे करणारे उपकरण) लावून स्थिर सायकल चालवावी का? मला गरगरण्याची भीती वाटते.

उत्तर : भीती अनाठायी नाही. डोळ्यांना वेग दिसतो, पण आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला शरीर जागच्या जागीच असल्याचे जाणवते, आणि या विसंगतीतून मळमळ उद्भवते. त्यामुळे वळणाचा घाट सोडून सरळ, सपाट रस्त्याचे दृश्य निवडावे आणि सुरुवातीला काही मिनिटांवरच थांबावे. माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे : दृश्यात मन रमले की वेदनेकडे दुर्लक्ष होते, म्हणून वेळ आणि पेडलचा भार फिजिओथेरपिस्टकडून आधीच ठरवून घ्यावा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकीच सीट उंच असावी. उतरण्यापूर्वी हेडसेट मात्र बसल्या जागीच काढावा.