विज्ञानकथा मालिकांवर 'कमांडोज'सारखे गेम आहेत का? मालिका न पाहता खेळता येतील?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वरून मैदान दिसतं, चार-पाच जणांची टीम असते, पहारेकऱ्यांची नजर चुकवून तिला पुढे न्यायचं असतं, असे गेम एखाद्या विज्ञानकथा टीव्ही मालिकेवर बेतलेले आहेत का? आणि मालिका पाहिलेली नसेल तर ते कळतील का?

आहेत, पण अगदी मोजके. तुम्ही म्हणताय त्या साच्यात चपखल बसणारे मी दोन खेळलोय. एक २००१चा 'स्टार ट्रेक: अवे टीम' आणि दुसरा २०२४चा 'स्टारगेट: टाइमकीपर्स'. सुरुवात दुसऱ्यापासून करा.

'स्टारगेट एसजी-१' ही मालिका १९९७ ते २००७ अशी दहा सीझन चालली. तिचा गाभा काय, तर चार माणसं एका वर्तुळाकार दारातून परक्या ग्रहावर उतरतात. तिथे स्वतःला देव म्हणवणाऱ्या गोआऊल्डांचं राज्य असतं आणि त्यांच्यासाठी लढणाऱ्या जाफांची फौज उभी असते. चौघांनी फौजेशी समोरासमोर लढायचं ठरवलं तर गोष्ट पाच मिनिटांत संपेल. त्यामुळे लपणं, वेश बदलणं, पहारा बदलायची वाट बघणं हे त्या मालिकेत पहिल्यापासून आहे. म्हणून मला ठामपणे वाटतं की या मालिकेला गोळीबाराच्या गेमपेक्षा हाच प्रकार शोभतो.

'टाइमकीपर्स' पोलंडच्या क्रिएटिव्हफोर्ज गेम्सने बनवला आणि स्लिथरीनने प्रकाशित केला. कथा सुरू होते ती मालिकेच्या सातव्या सीझनच्या शेवटी. अनुबिस नावाच्या गोआऊल्डाचं आरमार पृथ्वीवर चालून आलंय आणि अंटार्क्टिकावर लढाई पेटलीय. मात्र तुमच्या हाती मालिकेतली प्रसिद्ध चौकडी येत नाही, इव्हा मॅकेन नावाच्या अधिकाऱ्याची नवी टीम येते. पुढे त्या टीममध्ये एक जाफा आणि एक उनासही (मालिकेतल्या एका दांडग्या परग्रही जमातीतला) सामील होतो. हा निर्णय मला फार आवडला. ओळखीचे नायक मरणार नाहीत हे आपल्याला आधीच माहीत असतं. या नव्या लोकांबद्दल तशी खात्री नसते, त्यामुळे प्रत्येक पाऊल जपून पडतं.

हा प्रकार खेळताना नेमकं काय होतं ते एका प्रसंगातून सांगतो. दोन जाफा समोरासमोर उभे आहेत. एकाला पाडलं की दुसऱ्याला दिसणारच. तिसरा त्यांच्या मागून फेऱ्या मारतोय. मी आधी नुसता त्या तिसऱ्याकडे बघत बसलो. तो भिंतीपर्यंत जातो, थांबतो, वळतो, परत येतो. तो वळायच्या आधी मला जेमतेम काही सेकंद मिळत होते. तेवढ्यात दोघांना एकाच क्षणी आडवं करायचं आणि दोन्ही देह ओढून आडोशाला न्यायचे. मी दोन गड्यांना आधीच हुकूम देऊन ठेवला आणि एका खुणेसरशी दोघांना सोडलं. पहिल्यांदा एक जण अर्ध्या पावलाने उशिरा पोहोचला. दुसऱ्यांदा देह ओढताना पायाचा भाग बाहेर दिसत राहिला. सहाव्या-सातव्या प्रयत्नात तो तिसरा जाफा वळला, रिकाम्या जागेकडे तोंड करून चालत आला आणि त्याला काहीच दिसलं नाही. त्या क्षणी मी श्वास रोखून धरला होता. या प्रकारचे गेम मी याच क्षणांसाठी खेळतो.

'अवे टीम' रिफ्लेक्सिव्ह एंटरटेनमेंटने बनवला आणि ॲक्टिव्हिजनने बाजारात आणला. 'कमांडोज' १९९८ साली आला होता आणि त्याची छाप इथे उघड दिसते. तुमच्या टीमचं जहाज यूएसएस इन्कर्जन हे होलोग्राफिक आवरण ओढून दुसऱ्याच जहाजासारखं दिसू शकतं, म्हणजे लपण्याची कल्पना थेट जहाजापासून सुरू होते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतली डेटा आणि वर्फ ही पात्रं इथे आहेत आणि त्यांना मालिकेतल्याच नटांचे, ब्रेंट स्पायनर आणि मायकल डॉर्न यांचे आवाज आहेत. चित्रं आता जुनी वाटतील आणि सफाईही आजच्या मानाने कमी आहे. पण 'नेक्स्ट जनरेशन' मनापासून आवडत असेल तर नक्की खेळा. २०२१ साली तो गॉग या ऑनलाइन गेम-दुकानावर पुन्हा विक्रीला आला होता.

तिसरं नाव डावपेचांच्या प्रकारात बसत नाही, तरी सांगतो. काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर'च्या 'डॉक्टर हू' या मालिकेवर बीबीसीने २०१०मध्ये 'डॉक्टर हू: द ॲडव्हेंचर गेम्स' काढले. त्यातला पहिला 'सिटी ऑफ द डॅलेक्स'. डॉक्टर बंदूक हातात धरत नाही, हा त्या पात्राचा स्वभाव. मग १९६३च्या उद्ध्वस्त लंडनमध्ये डॅलेक, म्हणजे डॉक्टरचा चिलखती यंत्रातला जुना शत्रू, समोर आला तर करायचं काय? लपायचं, त्याची नजर फिरली की पुढे सरकायचं. लहान मुलांनाही जमेल इतका तो सोपा आहे. पण पात्राच्या स्वभावातून खेळाचा नियम कसा जन्मतो हे बघायचं असेल तर याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता मालिका न पाहण्याबद्दल. 'टाइमकीपर्स'मध्ये काय करायचं ते तुम्हाला कळेल, अडणार नाही. पण समोरचे जाफा हे पिढ्यान् पिढ्या गुलामीत वाढलेले आहेत, ज्यांची ते पूजा करतात तेच त्यांना वापरून घेतात, आणि त्यांच्यातलेच काही जण आता बंड करून उठलेत, हे माहीत नसेल तर तुमच्या टीममधला जाफा हा फक्त एक कौशल्य असलेला गडी उरतो. मी मालिका पाहून खेळलो आणि त्याला त्याच्याच लोकांविरुद्ध पुढे पाठवताना दर वेळी मन जड झालं. सगळे दहा सीझन बघायला सवड नसेल तर निदान मालिकेचा सुरुवातीचा भाग आणि सातव्या सीझनचा शेवट बघून घ्या.

हा प्रकार अगदीच नवा असेल तर आधी मिमिमी गेम्सचा 'शॅडो टॅक्टिक्स' (२०१६) थोडा खेळा. तो विज्ञानकथेचा नाही, जुन्या जपानमधला आहे. पण पहारेकऱ्याच्या नजरेचा टप्पा कसा वाचायचा, त्याच्या कुठल्या पट्ट्यात वाकून चालता येतं आणि कुठल्या पट्ट्यात वाकूनही दिसतो, हे तो फार नीट शिकवतो. शेवटचं सेव्ह करून किती वेळ झाला हेही तो पडद्यावर दाखवतो. तेव्हापासून मला दर पहारेकऱ्यागणिक एकदा क्विकसेव्ह (एका बटणात झटपट सेव्ह) करायची सवय लागली आणि 'टाइमकीपर्स'मध्ये तीच सगळ्यात जास्त कामी आली.