सिंधुदुर्गात एवढी सिलिका वाळू निघते, मग सोलर पॅनेलचं सिलिकॉन तिथेच का बनत नाही?

तुमचा प्रश्न असा: कासार्डे, कणकवली भागातून सिलिका वाळूचे ट्रक भरून बाहेर जातात, सोलर पॅनेल वाळूपासून बनतं असं सगळे सांगतात, मग पॅनेलचं सिलिकॉन इथेच का बनवत नाहीत? शिवाय हे सिलिकॉन मुळात ताऱ्यांत तयार झालं आणि त्याचा गॅमा किरणांच्या स्फोटांशी संबंध आहे असं वाचलं, ते खरं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी धातुशास्त्राचा माणूस. सिलिकॉन शुद्ध करण्याच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताऱ्यांचं, कारण ते लवकर सांगून होईल. हो, खरं आहे. सूर्याच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्यात शेवटी शेवटी ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांचा संयोग होऊन सिलिकॉन तयार होतं. पुढे गाभ्यातलं सिलिकॉन जेमतेम एखाद्या दिवसात लोह-निकेलच्या गटात बदलतं, गाभा कोसळतो आणि वरच्या थरांतलं सिलिकॉन अवकाशात फेकलं जातं. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांतूनही ते येतं. गॅमा किरणांचे स्फोट हा यातला दुर्मीळ प्रकार. कोसळणारा गाभा वेगाने फिरत असेल तर त्यातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडतात आणि काही सेकंद ते काही मिनिटं गॅमा किरणांचा लोळ दिसतो. २९ मार्च २००३ रोजी टिपलेल्या अशा एका स्फोटाच्या जागी काही दिवसांतच सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसला आणि दोहोंचं नातं पक्कं झालं. पण आपल्या वाळूतलं बहुतेक सिलिकॉन नेहमीच्या सुपरनोव्हांतून आलेलं आहे. या दुर्मीळ स्फोटांना त्याचं श्रेय देता येत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे स्फोट टिपायला सिलिकॉन फारसं कामाचं नाही, कारण तेवढ्या ऊर्जेचे किरण त्यातून बहुतांशी आरपार जातात. म्हणून २०१५ साली सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि इतर संशोधन संस्थांनी मिळून कॅडमियम झिंक टेल्युराइडचं उपकरण बसवलं, आणि त्याने असे शेकडो स्फोट नोंदवले आहेत.

आता वाळूकडे येऊ. पृथ्वीच्या कवचाचा वजनाने चौथ्या हिश्शाहून जास्त भाग सिलिकॉनचा आहे. त्यामुळे कच्चा माल आहे म्हणून कारखाना हवा, हा हिशेब लोखंडाला किंवा बॉक्साइटला लागू पडतो तसा इथे पडत नाही. क्वार्ट्झ जगात जागोजागी मिळतो. कारखाना जातो तो स्वस्त आणि अखंड विजेच्या मागे.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: सिलिकॉनच्या भट्टीत वाळू बहुधा घालतच नाहीत. तिथे क्वार्ट्झचे ढेकळाएवढे दगड लागतात. विजेच्या ठिणगीने तापणाऱ्या आर्क भट्टीत दगड, कोळसा किंवा कोक आणि लाकडाचे तुकडे एकत्र भरतात, त्यात जाड कार्बनचे इलेक्ट्रोड बुडवतात आणि तळाशी तापमान २,००० अंश सेल्सियसच्या घरात नेतात. कार्बन क्वार्ट्झमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तळाला वितळलेलं सिलिकॉन साचतं. या सगळ्यात सिलिकॉन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो वर चढताना वरच्या कार्बनशी भिडला पाहिजे, नाहीतर तेवढं सिलिकॉन धुरावाटे गेलं. म्हणजे भट्टीतल्या मालात वायूला वाट हवी. चुलीत भुसा दाबून भरला की जसा धूर कोंडतो, तसं बारीक वाळूने भट्टीचं होतं. लाकडाचे तुकडे टाकतात तेही माल मोकळा राहावा म्हणून. वाळूच्या गोळ्या किंवा विटा करून वापरता येतात, पण मग तो खर्च वेगळा. दगडही कुठलाही चालत नाही. तापल्यावर तो तडकून त्याचा चुरा होता कामा नये.

या भट्टीतून निघतं ते ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन. किलोमागे साधारण ११ ते १३ युनिट वीज लागते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना, सिलिकोन रबराला हा माल उत्तम. सोलर सेलला, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकतीला, मात्र तो अगदीच निरुपयोगी आहे, आणि खरी कहाणी इथून सुरू होते.

उरलेल्या एक-दोन टक्क्यांत लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, टायटॅनियम असतं, शिवाय थोडं बोरॉन आणि फॉस्फरस. १९७० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या संशोधकांनी शुद्ध सिलिकॉनमध्ये मुद्दाम एकेक धातू मिसळून त्याचे सेल बनवले आणि कोणता धातू किती नुकसान करतो ते मोजलं. टायटॅनियमचे अणू अब्जात दोन-चार असले तरी सेलची कार्यक्षमता ढासळते, असं त्यातून दिसलं. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, कारण ‘शुद्ध म्हणजे किती शुद्ध’ याचं उत्तर आकड्यांत मिळालं.

धातू काढायची एक सोपी युक्ती आहे. वितळलेलं सिलिकॉन एका टोकाकडून सावकाश गोठवत न्यायचं. घट्ट होणाऱ्या स्फटिकात लोह शिरायला तयार नसतं, ते द्रवातच राहतं. द्रवात लोहाचे लाखभर अणू असतील तर घन भागात एखादाच जातो. शेवटी गोठलेलं टोक कापून टाकलं की काम झालं. पण बोरॉन या युक्तीला बधत नाही. द्रवात दहा असतील तर आठ स्फटिकात जाऊन बसतात. फॉस्फरसचे तीन-चार जातात. बोरॉन आणि फॉस्फरस हेच सेलचा विद्युत गुणधर्म ठरवतात, त्यामुळे त्यांना नजरेआड करता येत नाही. माझ्या कामातली सगळ्यात चिवट अडचण हीच होती, आणि जगभर सगळ्यांची हीच होती.

म्हणून सगळा उद्योग रसायनशास्त्राकडे वळला. सिलिकॉनची पूड हायड्रोजन क्लोराइड वायूशी सुमारे ३०० अंशांवर भिडवली की ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव मिळतो. तो ३२ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे कोकणातल्या दुपारी तो बाटलीत राहणार नाही. उंच मनोऱ्यांत त्याचं पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून अशुद्धी मागे ठेवतात. मग तो हायड्रोजनसोबत एका घंटेच्या आकाराच्या भांड्यात सोडतात. तिथे सिलिकॉनच्या बारीक कांड्या वीज सोडून ११०० अंशांच्या आसपास तापवलेल्या असतात. त्यांच्यावर शुद्ध सिलिकॉनचा थर चढत जातो आणि काही दिवसांत कांडी मनगटापेक्षा जाड होते. या पद्धतीला सीमेन्स पद्धत म्हणतात आणि जगातलं बहुतेक पॉलिसिलिकॉन, म्हणजे हे अतिशुद्ध सिलिकॉन, आजही असंच बनतं. नऊ वेळा नऊ लिहावं इतकी शुद्धता, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्के, यातून सहज मिळते.

सिलिकॉन वितळवून त्याचा एकसंध स्फटिक ओढतात तो यानंतर. त्यासाठीची मूस, म्हणजे वितळवायचं भांडं, मात्र अतिशुद्ध क्वार्ट्झची लागते, आणि तसा क्वार्ट्झ जगात खरोखर दुर्मीळ आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते या मुशींसाठी. लोक याची गल्लत पॅनेलच्या सिलिकॉनशी करतात.

आता विजेचा हिशेब करू. तांबडे गरम रॉड आणि थंड ठेवावी लागणारी भांड्याची भिंत, यामुळे सीमेन्स पद्धतीत उष्णता फार वाया जाते. पूर्वी किलोला १०० युनिटच्या वर वीज लागायची, आता चांगल्या कारखान्यात ५० ते ६०. मधला ५५ चा आकडा घेतला आणि उद्योगाला युनिट आठ रुपये धरलं, तर किलोमागे ४४० रुपये झाले. आधीच्या भट्टीचे शंभरेक रुपये वेगळे. २०२४ साली चीनमध्ये पॉलिसिलिकॉनचा भाव किलोला सुमारे पाच डॉलर होता, म्हणजे साधारण ४२० रुपये. आपलं विजेचं बिलच त्यांच्या तयार मालापेक्षा महाग पडतं. पगार, व्याज, यंत्रं यांचं तर अजून नावच काढलं नाही.

याच कारणाने हा उद्योग नॉर्वेत, चीनच्या शिनजियांगमधल्या कोळशाच्या विजेवर, युन्नान आणि सिचुआनमधल्या धरणांच्या विजेवर वाढला. भूतानमध्ये फेरोसिलिकॉनच्या (लोह-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या) भट्ट्या आहेत त्याही जलविद्युतीच्या जोरावर. दक्षिण कोरियाच्या ओसीआय कंपनीने २०२० साली गुनसानमधलं सोलर दर्जाचं उत्पादन थांबवून मलेशियातल्या सारावाकमध्ये, जलविद्युतीजवळ, एकवटलं. आज जगातल्या पॉलिसिलिकॉनचे दहातले नऊ भाग चीनमध्ये बनतात. तिथे वर्षाला लाख टनांचे कारखाने आहेत. तसा एक कारखाना म्हणजे रात्रंदिवस सव्वासहाशे मेगावॉट. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट असली तरी ती मुख्यतः मागणी चढते त्या वेळेला चालवतात, अखंड नाही. ‘मग सोलर विजेवरच चालवा’ असं कुणी म्हणेल. पण कांड्यांवर थर चढायला दिवस लागतात आणि मध्येच वीज गेली तर अख्खा घाणा बिघडतो. साठवलेली वीज त्या दरात मिळू लागली तर चित्र बदलेल, आणि ते बदलावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एवढी वीज लागते म्हणून पॅनेल स्वतःला लागलेली ऊर्जा कधीच परत देत नाही, असे मेसेज फिरतात. ते खोटे आहेत. ५४० वॉटच्या पॅनेलमध्ये साधारण सव्वा किलोच्या आसपास सिलिकॉन जातं. भट्टी आणि शुद्धीकरण धरून ऐंशी-नव्वद युनिट झाले. आपल्याकडच्या उन्हात असं पॅनेल दिवसाला दोन युनिट सहज देतं. म्हणजे शुद्धीकरणाची वीज दीड महिन्यात फिटते. काच, ॲल्युमिनियमची चौकट आणि बाकी सगळं धरलं तरी साधारण वर्षभराची गोष्ट आहे, आणि पॅनेल पंचवीस वर्षं चालतं.

कमी विजेचा मार्ग शोधला नाही असं नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकात कावासाकी स्टीलच्या संशोधकांनी निर्वातात इलेक्ट्रॉनच्या झोताने सिलिकॉन वितळवून फॉस्फरस उडवून लावला, आणि प्लाझ्मात पाण्याची वाफ सोडून बोरॉन काढलं. नॉर्वेच्या एल्केम कंपनीने वितळलेल्या सिलिकॉनवर धातुमळीची (स्लॅगची) प्रक्रिया, आम्लाने धुणं आणि सावकाश गोठवणं अशी तीन पायऱ्यांची पद्धत बसवून २००९ साली क्रिस्टियानसांडला कारखाना सुरू केला. सीमेन्सपेक्षा फारच कमी वीज, आणि सेलही चांगले चालले. २००८ मध्ये पॉलिसिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरवर गेला होता, तेव्हा या पद्धतींना सोन्याचे दिवस येणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पुढे भाव कोसळला, शिवाय नवे सेल आणखी शुद्ध सिलिकॉन मागू लागले. विज्ञान बरोबर असूनही बाजाराने हा रस्ता बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

भारताने हे कधीच केलं नाही असंही नाही. १९८० च्या दशकात तमिळनाडूत मेट्टूरला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर लहान प्रमाणावर पॉलिसिलिकॉन बनत होतं. ते धोरणाच्या पाठबळाने वाढवलं असतं तर आज चाळीस वर्षांचा अनुभव हाताशी असता. केंद्राने २०२१ मध्ये ४,५०० कोटी आणि २०२२ मध्ये आणखी १९,५०० कोटींची सोलर पॅनेलसाठी उत्पादन प्रोत्साहन योजना आणली आहे. पण सेल आणि मॉड्यूल जोडणं सोपं आणि पॉलिसिलिकॉन अवघड, म्हणून उद्योजक शेवटाकडून सुरुवात करतात.

तुमच्या गावाजवळ असा कारखाना यावा असं वाटत असेल तर हेही लक्षात घ्या. या प्रक्रियेत सिलिकॉन टेट्राक्लोराइड भरपूर निघतं. हवेतल्या ओलाव्याशी भेटलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. २००८ साली चीनच्या हेनान प्रांतात ते शेतांजवळ टाकल्याचं उघड झालं होतं. चांगले कारखाने आता ते पुन्हा प्रक्रियेत वळवतात. पण तेवढी शिस्त आणि तेवढं भांडवल आहे का, हे आधी विचारायचं. २०१४ साली जपानमधल्या योक्काइचीत क्लोरोसिलेनच्या अवशेषांचा स्फोट होऊन पाच कामगार गेले, आणि ते तर मुरलेलं, अनुभवी ठिकाण होतं.

मग तुमच्या वाळूचं काय? पॅनेलमध्ये वाळू असतेच, पण काचेच्या रूपात. पॅनेलच्या वजनाचा सर्वांत मोठा वाटा पुढच्या काचेचा असतो. ती काच जवळजवळ रंगहीन हवी, म्हणजे वाळूत लोहाचं ऑक्साइड ०.०१ टक्क्याच्या आसपास असावं लागतं. गुजरातेत भरुचजवळ बोरोसिलच्या कारखान्यात अशी सोलर काच बनते. काचेच्या भट्टीला वाळू बारीकच लागते आणि विजेची भूकही सिलिकॉनसारखी नसते. सिंधुदुर्गच्या वाळूसाठी मला हा मार्ग सिलिकॉनपेक्षा कितीतरी वास्तव वाटतो. धुऊन आणि चुंबकाने लोह काढून वाळू त्या दर्जाला नेता आली तर तिला ओतकामाच्या वाळूपेक्षा चांगला भाव मिळेल.

तेव्हा खाणवाल्यांकडे किंवा वॉशिंग प्लांटवर ओळख असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात सिलिकाचा टक्का सगळे आधी दाखवतात. तुम्ही लोहाच्या ऑक्साइडचा आकडा पाहा, न धुतलेल्या आणि धुतलेल्या वाळूचा वेगवेगळा. तो इथे प्रतिक्रियेत लिहिलात तर ती वाळू सोलर काचेला चालण्याजोगी आहे का, हे मी सांगू शकेन. आणि वॉशिंग प्लांटवर, खाणीत काम करणाऱ्यांना एक निरोप द्या: कोरडी सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. नुसता रुमाल बांधून भागत नाही. नीट बसणारा मास्क आणि पाण्याचा फवारा, दोन्ही हवेत.