मुलाला वेळीच शिस्त लावली नाही. आता देव मला एलीसारखी शिक्षा देत आहे का?

ताई, सप्रेम सलाम.

आपण लिहिले आहे की मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादापायी त्याने नोकरी घालवली, जागोजागी कर्जे करून ठेवली आणि ती आपण एकेक करून फेडत आला आहात. पती नोकरीसाठी बाहेरगावी आणि मुलगा एकुलता, म्हणून लहानपणी त्याला कधी कशाला नाही म्हटले नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी प्रार्थनासभेनंतर चारचौघांत ‘तुमचे एलीसारखे झाले’ असे सुनावल्यापासून आपल्याला झोप लागत नाही. देव मला शिक्षा देत आहे का आणि आता काही करण्यासारखे उरले आहे का, असा आपला प्रश्न आहे. मी पाळक नाही. कोल्हापुरात एका पतसंस्थेच्या कर्जविभागात नोकरी करून निवृत्त झालो आणि आमच्या मंडळीत बरीच वर्षे संडे स्कूल घेत आलो आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

बायबलमधल्या एली या याजकाचा दाखला देणारे बहुतेक लोक १ शमुवेलचा दुसरा अध्याय पुरता वाचत नाहीत, असे माझे मत आहे. एली मुलांना काही बोललाच नाही, असे ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो बोलला होता. हफनी आणि फिनहास या त्याच्या मुलांच्या वागण्याचा बोभाटा सगळीकडे झाला तेव्हा त्याने त्यांना समोर घेऊन, लोकांकडून तुमच्याबद्दल जे ऐकतो ते बरे नाही, असे स्पष्ट सांगितले. ते ऐकले गेले नाही, आणि त्यानंतर त्याने काहीच केले नाही, हा त्याच्यावरचा ठपका आहे. ते दोघे तेव्हा लहान मुले नव्हती. ते याजकपदावर बसलेले होते, यज्ञाचे मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन येई आणि भांड्यात खुपसून वर येईल ते घेऊन जाई, कधी तर चरबी जाळण्यापूर्वीच कच्चे मांस जबरदस्तीने मागे. एली स्वतः मुख्य याजक होता आणि चाळीस वर्षे इस्राएलाचा न्यायाधीश होता. त्यांना त्या पदावरून दूर करणे त्याच्या हातात होते. शिवाय देवाच्या माणसाने त्याला जे ऐकवले त्यात एक बोचरी गोष्ट आहे: अर्पणांतला उत्तम भाग खाऊन तुम्ही लठ्ठ झालात, असे म्हणताना त्याने त्या आरोपात एलीलाही गोवले आहे. म्हणजे मुलांच्या गैरवागण्यावर जे घर चालले होते, त्या घरात बापही जेवत होता. आपली स्थिती अशी नाही. आपण मुलाच्या पापावर जगत नाही, उलट त्याची किंमत मोजत आहात. तेव्हा चारचौघांत दिलेला तो दाखला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे निःशंकपणे मनात ठेवावे.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली नसावी. ज्या रात्री एलीच्या घराण्यावरचा न्याय त्याच्याजवळ वाढणाऱ्या बाळ शमुवेलला कळवला गेला, त्याच रात्री, ‘हे परमेश्वरा, बोल; तुझा दास ऐकत आहे’ असे उत्तर द्यायला त्या मुलाला शिकवले ते एलीनेच. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत हरलेल्या माणसाकडून देवाने दुसऱ्याच्या मुलाला घडवून घेतले. आणि पुढे याच शमुवेलचे मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेबा येथे न्यायाधीश असताना लाच खाऊ लागले. पण त्यासाठी शास्त्राने शमुवेलला एलीसारखा दोष दिलेला दिसत नाही. यशयाच्या पहिल्याच अध्यायात तर देव स्वतःविषयी सांगतो की मी मुलांना वाढवले, मोठे केले आणि ती माझ्यावरच उलटली. मूल बिघडले की आईबापच चुकले असले पाहिजेत, हा हिशेब शास्त्राला मान्य असता तर हे वचन तिथे नसते. आपले काहीच चुकले नाही, असे मी म्हणत नाही. आपण स्वतःच ते लिहिले आहे आणि ते खरे असेल. पण चूक कबूल करणे वेगळे आणि त्याच्या सव्वीस वर्षांचा सगळा जमाखर्च आपल्या नावावर मांडणे वेगळे. बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही आणि मुलाच्या पापाचा भार बाप वाहणार नाही, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे.

छडीविषयी फार लिहीत नाही. नीतिसूत्रांतली ती वचने आहेतच, पण इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिताना पौलाने बापांना मुलांना चिरडीस आणू नका असेही बजावले आहे. आणि सव्वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत छडीचा प्रश्न कधीच मागे पडला आहे. लहानपणी चार फटके दिले असते तर हे टळले असते, असे जे नातेवाईक आता म्हणतात, त्यांच्याशी वाद घालण्यात आपली शक्ती घालवू नये.

आपण खरे तर एलीऐवजी दावीद राजा वाचायला हवा, २ शमुवेलच्या तेराव्या अध्यायापासून पुढे. परस्त्री बथशेबेशी दावीदाचे प्रकरण, त्याने करवलेला तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, खून आणि नाथान संदेष्ट्याने त्याबद्दल केलेली कानउघाडणी नुकतीच होऊन गेली आहे. देवाने क्षमा केली आहे, पण दावीद घरात तोंड वर करून बोलू शकत नाही, असे त्या पुढची प्रत्येक घटना वाचताना मला वाटत आले आहे. दावीदाचा मुलगा अम्नोन आजारपणाचे सोंग करून सावत्र बहीण तामार हिला माझ्याकडे पाठवा म्हणतो, दावीद पाठवतो. तिच्यावर अत्याचार होतो, तो ऐकून राजा अतिशय संतापतो, आणि अम्नोनाला काहीही करत नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम मेंढरे कातरण्याच्या समारंभाला अम्नोनाला पाठवा म्हणून आग्रह धरतो, दावीद आधी नको म्हणतो, मग पाठवतो. तिथे अम्नोनाचा खून होतो. अबशालोम तीन वर्षे आजोळी, गशूरला, जाऊन राहतो. त्याला परत आणले जाते, पण दोन वर्षे बाप त्याचे तोंड पाहत नाही, म्हणजे धड शिक्षाही नाही आणि धड क्षमाही नाही. शेवटी मुलगा सेनापती यवाबाच्या जवाच्या शेताला आग लावून स्वतःकडे लक्ष वेधून घेतो. पुढे नवस फेडायला हेब्रोनला जाऊ द्या म्हणून तो परवानगी मागतो, दावीद ‘शांतीने जा’ म्हणतो, आणि तिथून बंड सुरू होते. मुले मागतात आणि बाप देतो, हेच तीनदा घडते. स्वतःच्या अपराधाच्या जाणिवेने त्याची जीभ बांधली गेली होती, असे मी समजतो. ग्रंथात तसे शब्द नाहीत, पण घटना त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आपल्याला माझे सांगणे एवढेच आहे, ताई, की लहानपणी प्रेमापोटी जे झाले तेच आज अपराधीपणापोटी होत आहे. तेव्हा नाही म्हणवत नव्हते कारण तो एकुलता होता. आता नाही म्हणवत नाही कारण तेव्हा म्हटले नाही. मी हे पतसंस्थेत पुष्कळ पाहिले. सोनेतारणाच्या खिडकीशी आई येते, रुमालाची गाठ सोडून पाटल्या पुढे करते, मूल्यांकन करणारा सोनार त्या कसाच्या दगडावर घासून काट्यावर ठेवतो, आणि मुलगा बाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा असतो; आत येत नाही. सही करताना एकदा एका माउलीने न विचारताच सांगितले, ‘शेवटचंच हाय बघा सायेब, आमचंच चुकलं लहानपणी.’ त्या वाक्याचे दोन तुकडे एकत्र का येतात, हे मला पुढे दावीदाने समजावले. आमचेच चुकले, म्हणून आम्हीच फेडतो. आणि फेडले की मुलाला चुकल्याचे कळायचे राहून जाते. नीतिसूत्रांच्या एकोणिसाव्या अध्यायात तापट माणसाविषयी जे म्हटले आहे, त्याला दंड भोगू द्यावा, तू त्याला सोडवलेस तर पुन्हा सोडवावे लागेल, ते जुगाराच्या कर्जालाही तितकेच लागू पडते. बाविसाव्या अध्यायात तर जामीन राहणाऱ्याला सरळ विचारले आहे की फेडायला काही नसले तर अंगाखालचे अंथरूण काढून नेण्याची वेळ का आणतोस. हे वचन कर्जविभागात पाटी करून लावावे, असे मला नोकरीत नेहमी वाटे.

यात लाजेचाही भाग असतो. आपली माणसे थोडी. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासूनचा विश्वास सांगणारी घराणी इथे आहेत आणि रविवारी उपासनेनंतर फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी सगळ्यांची खुशाली कळते. वसुलीचा माणूस दारात येण्यापूर्वी पैसे भरून टाकावेत, म्हणजे बोभाटा होणार नाही, असे वाटणे समजू शकते. पण आपल्या बाबतीत बोभाटा झालाच आहे. चारचौघांत एलीचे नाव निघाले त्या दिवशी लपवण्यासारखे काही उरले नाही, आणि एका परीने ते बरेच झाले.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप आठवावा. मुलाने वाटा मागितला, त्याने दिला, कदाचित तिथे तोही चुकला असेल; येशूने त्यावर काही भाष्य केलेले नाही. पण मुलगा दूर देशी गेल्यावर बापाने मागून पैसे पाठवल्याचा उल्लेख नाही. दुष्काळ पडला, तो डुकरे चारू लागला, त्याला कोणी काही दिले नाही, आणि त्यानंतरच तो शुद्धीवर आला. बापाचे दार मात्र उघडे होते आणि नजर रस्त्यावर होती. या दोन्ही गोष्टी एकाच बापाने केल्या.

म्हणून करायचे ते असे. पती सुट्टीवर आले की दोघांनी मिळून, त्याच्यासमोर बसून, न ओरडता सांगावे की यापुढे एकही कर्ज आम्ही फेडणार नाही, जेवण आणि अंथरूण या घरात आहे. हे आईने एकटीने सांगितले तर तो पतींकडे जाईल आणि पतींनी सांगितले तर आपल्याकडे येईल, म्हणून एकत्रच. लहानपणी आमचे चुकले हेही त्याच वेळी एकदा सांगून टाकावे, म्हणजे पुढे त्याला ते हत्यार म्हणून वापरता येणार नाही. सज्ञान मुलाच्या कर्जाला आईबाप कायद्याने बांधील नसतात, फक्त जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन येत असतील, धमक्या मिळत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते चालत नाही. तक्रार करता येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाही केला आहे, पण चोरवाटा असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

जुगाराचे व्यसन हा वैद्यकीय दृष्टीने आजार मानला जातो, आणि त्याला केवळ प्रार्थनेने बरे करू असे कोणी म्हणत असेल तर त्यांना सांगावे की शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्य होता. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत आणि मोफत बोलता येते. कोल्हापूर जवळ पडत असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मुलगा यायला तयार नसला तरी आपण एकट्याने जावे, कारण झोप आपली उडाली आहे. कर्जे थांबली आणि चिडून किंवा खचून त्याने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा काढली तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. त्याच दिवशी वरच्या क्रमांकावर बोलावे, त्याला एकटे ठेवू नये, पण पैसे द्यायला पुन्हा सुरुवातही करू नये.

रडू येते म्हणून विश्वास कमी आहे, असे कोणी म्हटले तर ऐकू नये. अबशालोम मेला तेव्हा वेशीवरच्या खोलीत जाऊन दावीद इतका रडला की जिंकून आलेली माणसे चोरासारखी नगरात शिरली. यवाबाने त्याला कठोर शब्दांत उठवले आणि तो उठून वेशीत जाऊन बसला, कारण त्याचे काम तिथे होते. रडल्याबद्दल देवाने त्याला काही म्हटल्याचे लिहिलेले नाही.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना उत्तर द्यायची घाई करू नये. पाळकसाहेबांना मात्र घरी बोलावून सगळे सांगावे आणि मुलाशी बोलायला मंडळीतले कोणी त्याच्या वयाचे मिळते का ते पाहावे. आणि कोणत्या कर्जावर आपली किंवा पतींची जामीनदार म्हणून सही आहे, कोणत्या पावतीवर कोणते दागिने आहेत आणि मुदत कधी संपते, हे एका वहीत लिहून ठेवावे. रकमा आणि नावे न लिहिता फक्त कर्जांचे प्रकार इथे कळवलेत तर आधी काय सोडवायचे ते मी सांगू शकेन.