वॉर्डातलं मीटर २१२ म्हणतं, लॅब १८६ म्हणते

प्रश्न : बाबा न्यूमोनियामुळे अॅडमिट आहेत, डायबेटिस जुना. सकाळी सिस्टरनी बोटाला टोचून शुगर बघितली तर २१२, आणि त्याच वेळी शिरेतून घेतलेल्या रक्ताचा लॅब रिपोर्ट आला १८६. मीटर बिघडलंय का? हिमोग्लोबिन ८ आहे, आणि लॅबची ट्यूब तासभर वॉर्डातच पडून होती.

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत, बहुतेक लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

साध्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं की त्यातल्या पेशी ग्लुकोज खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणजे तुमचे १८६ काढताना बहुधा २०० च्या आसपास असणार. (साखर टिकावी म्हणून फ्लोराइड घातलेली ट्यूब असली तरी पहिला तास-दीड तास ही घट चालूच असते.) आता मीटरकडे बघा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कमी, आणि त्यात बऱ्याच स्ट्रिप्स शुगर जरा जास्तच दाखवतात. म्हणजे एक आकडा खाली घसरला, दुसरा वर चढला, आणि मधे २६ चा फरक पडला, एवढंच.

घरगुती मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के फरक चालतो. हॉस्पिटलच्या मीटरसाठी अमेरिकेची औषधं-उपकरणं तपासणारी संस्था एफडीए जास्त कडक आहे, ७५ च्या वर १२ टक्के, आणि तेही ९५ टक्के रीडिंग्जमध्ये. या १२ टक्क्यांच्या मापाने १८६ धरले तर तुमचं मीटर थोडक्यात नापास, २०० धरले तर आरामात पास! त्यामुळे बिघडलंय असं मी तरी म्हणणार नाही. डोसचं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, कारण २०० च्या अलीकडे-पलीकडे इन्सुलिनची युनिट्स बदलत असतील तर हा फरक लहान राहत नाही.

बोट कसं पुसलं हेही बघा. मी वॉर्डात असताना एका आजोबांची शुगर अचानक ३१० आली, सगळे धावले, आणि मग कळलं की आजोबांनी नुकतंच फळ सोलून खाल्लं होतं, बोट स्पिरिटने पुसलेलं होतं पण धुतलेलं नव्हतं. साबणाने हात धुवून कोरडा केला आणि परत टोचलं तर १४८.

बीपी खूप घसरलंय, हातपाय गार पडलेत, प्रेशर वाढवायची औषधं चालू आहेत, अशा वेळी मात्र बोटाच्या रक्तावर अजिबात विसंबू नये. तिथे रक्तच नीट पोचत नसतं, मग मीटर कितीही चांगलं असो. तेव्हा शिरेतलं किंवा धमनीतलं रक्त घेऊन लगेच तपासायला सांगायचं, आणि ट्यूब वॉर्डात पडू द्यायची नाही.