आधी मालडबा, मग इंजिन

महालक्ष्मी एक्सप्रेसच्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती घडवण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र हात बसेपर्यंत इंजिनाला ब्रश लावू नये, सरावासाठी मालगाडीच्या डब्याची एखादी स्वस्त प्रतिकृती घ्यावी.

रंगापूर्वी डबा नीट धावला पाहिजे. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातील डब्याची प्लॅस्टिकची चाके काढून धातूची बसवावीत आणि वजन तपासावे: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे १४ ग्रॅम, हा अमेरिकेतील हौशी रेल्वे-प्रतिकृतीकारांच्या संघटनेचा दंडक येथेही उपयोगी पडतो. हलका डबा वळणावर घसरतो आणि दोष मात्र रुळांना दिला जातो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे डबा वापरलेला, मळलेला दिसावा म्हणून रंगाने आणलेल्या जुनेपणाचा अतिरेक. कोल्हापूर स्थानकात उभी गाडी निरखल्यास ब्रेकची तांबूस भुकटी चाकांजवळ दाट आणि वर विरळ होत गेलेली दिसते. तेवढीच छटा कोरड्या ब्रशने द्यावी. वार्निशचा फवारा आपल्याकडच्या पावसाळ्यात मारू नये, दमट हवेत तो पांढुरका पडतो. दांड्या, पायऱ्या बसवण्यासाठी गुजरीतील सोनारांच्या हाती असतो तसा बारीक टोकाचा चिमटा घ्यावा.

आवाज आणि डिजिटल नियंत्रण सध्या बाजूला ठेवावे. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिमी भरतो आणि रूळ मात्र १६.५ मिमी अंतराचे मिळतात, हा वादही तूर्तास नको.