वाट आपली, प्रश्न तुमचे : पावागडचा जुना पाथा

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, ‘पावागड बघायचा असेल तर माचीपर्यंत जीपनं जाऊ नका, पाथ्यानं चाला.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते.

ताई, पुण्याहून नातवंडं आली आहेत. राजगड, हरिश्चंद्रगड करून बसलेली. पावागड म्हटलं की ‘आजी, तो रोपवेचा डोंगर ना?’ म्हणून हसतात. खरंच चालण्यासारखी जुनी वाट आहे, की तुम्ही आपलं लिहून दिलंत?
— एक आजी, कारेलीबाग

लिहून दिलं नाही हो! पोरांना हसू द्या, फक्त आदल्या रात्री लवकर झोपवा.

आपण बडोद्याची माणसं पावागडला जातो म्हणजे काय करतो? पायथ्याच्या चांपानेरला उतरायचं, जीपमध्ये कोंबून घ्यायचं, डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या माचीवर रोपवेची रांग, कालिकामातेचं दर्शन, चुनरी, प्रसाद, आणि जेवायला घरी. देवीची काही तक्रार नसावी. पण पायथा ते माची हा जो टप्पा जीप चार वळणांत संपवते, सगळा गड त्यातच आहे. रोपवे १९८६ सालचा. त्याआधी शेकडो वर्षं लोक ज्या वाटेनं चढले तिला इकडे पाथा म्हणतात. अजूनही पदयात्रेचे संघ ध्वज घेऊन त्याच वाटेनं वर जातात.

सुरुवात मात्र डोंगरापासून करू नका, खालच्या जामी मशिदीपासून करा. आत १७२ खांब आहेत. आकडा सांगून टाकला, आता मोजत बसू नका, वर छताच्या कोरीवकामाकडे बघा. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं या गडाला वेढा घातला तो सुमारे वीस महिने चालला. आपण हलणार नाही हे वरच्यांना कळावं म्हणून त्यानं वेढा चालू असतानाच खाली मशिदीचा पाया घातला, असं इतिहासकार लिहितात. १४८४ च्या नोव्हेंबरात इथल्या राजपूत राजाचा, पताई रावळाचा, गड पडला. मग बेगड्यानं खाली राजधानीच वसवली, मुहम्मदाबाद नावानं. ती पुरती पन्नास वर्षंच राजधानी राहिली.

तिथून गावातून पाथ्याला लागा. मोटाररस्ता मध्ये मध्ये आडवा येतो, हॉर्न ऐकू येतात, तेवढं सोसावं लागतं. पहिला अटक दरवाजा, मग बुढिया दरवाजा. राजगड-रायगडच्या गोमुखी बांधणीत वाढलेल्या पोरांना इथं उभं करा आणि विचारा : तू शत्रू आहेस, आता काय करशील? दरवाजा समोर दिसतच नाही. वाट मोडते, वळते, आणि वळताना तुमची कूस वरच्या तटाखाली येते. हत्तीला धडक मारायला धाव घेण्याइतकी जागा नाही. पुढचा सदनशाह दरवाजा तर मला सगळ्यांत आवडतो, कारण तिथं वाटच खडक फोडून काढलीय, नागमोडी, आणि डोक्यावर उंच भिंत. मे महिन्यातही तिथं गारवा असतो. मी तिथं बसल्याशिवाय पुढे जात नाही.

त्याच टप्प्यात सात कमान लागते. आता सहाच कमानी उभ्या आहेत, एक पडली. डोंगर काळा आणि कमानी पिवळसर वालुकाश्माच्या. म्हणजे हा दगड डोंगरातला नव्हे, बाहेरून वाहून आणलेला. एवढं ओझं चढावर कोणी वाहिलं, याचा शिलालेख कुठं सापडत नाही.

भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून दगडाबद्दल दोन ओळी जास्त लिहिणार, कंटाळा आला तर पुढच्या पत्रावर जा. पायथ्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जो लाव्हा थरांवर थर पसरला, त्याचाच. तेव्हा नातवंडांना सांगा, पावागड हा राजगडचा गुजरातेत नोकरीला आलेला चुलतभाऊ आहे. पण वर चढत गेलात की दगड फिकट होतो, कडे उभे होतात. तो रायोलाइट. तोही ज्वालामुखीचाच, पण सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्यापासून झालेला. असा लाव्हा घट्ट असतो, पातळ होऊन लांबवर वाहत नाही. काळ्या बेसॉल्टवर रायोलाइटची अशी टोपी दख्खनच्या डोंगरांवर क्वचितच दिसते, त्यामुळे देशभरातले भूशास्त्राचे विद्यार्थी हातोड्या घेऊन इथं येतात. आपण पन्नासेक किलोमीटरवर राहून रोपवेच्या काचेतून बघतो.

माचीच्या अलीकडे मकाई कोठाराकडे जरूर वळा. धान्याचं कोठार, घुमटांचं. तिथून खाली बघा. वडा तलावाचं पाणी, मशिदींचे मिनार, झाडीत बुडालेले तट, त्यापलीकडे हालोलचे कारखाने. हे सगळं आज दिसतं त्याचं श्रेय बरंचसं आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला. पुरातत्त्व विभागाचे र. ना. मेहता यांनी १९६९ ते १९७५ या काळात चांपानेर खणून काढलं. रस्ते, वाडे, बागा, त्यांतून खेळवलेलं पाणी, सगळं त्या उत्खननातून वर आलं. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायला हवे होते. पतंगाला देतो तेवढा वेळ काही कोणी दिला नाही.

वय ६७, गुडघे कुरकुरतात. मला जमेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारा, मी फक्त वाटेचं सांगते. पायथा ते माची रमतगमत दोन-अडीच तास. चढाव सतत आहे, पण बसायला दरवाज्यांचे ओटे आहेत. गुडघ्यांना त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, तेव्हा चढा पाथ्यानं आणि उतरा जीपनं. यात कमीपणा नाही. उलटं मात्र करू नका. आणि रोपवेनं वर गेलात तरी देवळापर्यंत दोन-अडीचशे पायऱ्या उरतातच, हे घरच्यांनी आधी सांगितलेलं नसतं.

आपली विश्वामित्री नदी पावागडवर उगम पावते म्हणतात. इथं कामाटी बागेच्या पुलावरून तिच्याकडे बघवत नाही. उगम बघता येतो का?
— एक वाचक, फतेगंज

हो, ती तिथलीच लेक. गोमुख, कुंड, पाटी असलं काही शोधायला गेलात तर निराश व्हाल. डोंगराच्या उतारावरच्या घळीत पावसाचं पाणी गोळा होतं, त्याची नदी होते. माचीजवळ कड्याच्या टोकावर खापरा झवेरीचा महाल म्हणून एक वास्तू आहे. (खापरा-कोडिया ही गुजराती कथांतली चोरांची जोडी, राजवाड्याला चोराचं नाव कसं चिकटलं हे गाईड लोक तिखटमीठ लावून सांगतात, ऐकून घ्या.) त्या महालाच्या खिडकीत उभं राहिलं की खाली विश्वामित्रीची घळ दिसते. श्रावणात जा. धुकं बाजूला सरकलं तर पांढऱ्या धारा दिसतात, नाही सरकलं तर नुसता आवाज.

हीच नदी बडोद्यात येऊन मगरी सांभाळते, आपला कचरा खाते, मग पिंगलवाड्याजवळ ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते. २०२४ च्या ऑगस्टात पाणी घराघरांत शिरलं तेव्हा सगळे नदीला नावं ठेवत होते. डोंगरावर पडलेलं पाणी उताराच्या मार्गानं येणारच, तिच्या वाटेत आपण काय काय बांधून ठेवलंय तेही जरा पुलावरून बघा.

पावागड गायकवाडांच्या ताब्यात कधी आला? आमच्या घरी यावर वाद आहे.
— एक वाचक, वाडी

वाद मिटवते : आलाच नाही. मराठ्यांचा होता, पण ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. बडोद्याच्या मराठी घरांत हे ऐकून थोडं वाईट वाटतं, मलाही लहानपणी वाटलं होतं.

अठराव्या शतकात गोध्रा, दाहोद, हालोल, कालोल, झालोद हे पाच महाल शिंद्यांकडे गेले, त्यात पावागड आला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल वुडिंग्टननं आधी भरूच घेतलं आणि सप्टेंबरात पावागड. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह झाला, आपल्या वऱ्हाडातलं अंजनगाव. त्या तहात शिंद्यांनी बरंच गमावलं, भरूचही गेलं, पण पावागड आणि दाहोद परत मिळाले. पुढे १८५३ मध्ये या महालांचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला, आणि १८६१ मध्ये शिंद्यांनी झाशीकडच्या मुलखाच्या बदल्यात ते कायमचे सोडले. म्हणजे सयाजीराव महाराज १८७५ मध्ये गादीवर आले तेव्हा पावागड इंग्रजी अमलात होता. बडोद्याहून निघालात की जरोद हे गायकवाडीतलं. हालोलला पोचलात की तेव्हा राज्य बदलत असे. आता टोलनाका बदलतो.

घरात गायकवाडांच्या बाजूनं कोण होतं ते कळवू नका, त्यांना फक्त हा अंक वाचायला द्या.

ताई, मी नववीत आहे. आमचे सर म्हणाले, हुमायून पावागडवर खिळे ठोकून चढला. हे खरं असू शकतं का? एवढा बादशहा स्वतः कशाला चढेल?
— एक विद्यार्थिनी, मांजलपूर

चांगलं विचारलंस. ही हकिकत अबुल फजलनं लिहून ठेवली आहे. तो अकबराच्या दरबारातला, अकबराच्या वडिलांचं कौतुक करणारच, एवढं लक्षात ठेवून ऐक.

१५३५ साल. गुजरातचा सुलतान बहादूरशाह दीवकडे निघून गेलेला, गड त्याच्या सरदारानं लढवत ठेवलेला. महिने गेले तरी वरचं धान्य संपेना. एकदा हुमायून डोंगराभोवती फिरत असताना त्याला जंगलातून बाहेर येणारी काही माणसं दिसली. सरपणाला गेलो होतो म्हणाली, पण हातात ना कुऱ्हाड ना कोयता. दरडावल्यावर कबूल झाली : गडावर धान्य आणि तूप पोचवून येतोय. ज्या बाजूनं ते माल वर देत ती बाजू कड्याची, म्हणून तिथं पहारा ढिला. त्या कड्यात सत्तर-ऐंशी लोखंडी खिळे डावी-उजवीकडे ठोकवून रात्री माणसं चढवली. एकोणचाळीस चढल्यावर बादशहा पुढे झाला. त्याचा सरदार बैरामखान यानं ‘जरा थांबा’ म्हणत स्वतः आधी पाय टाकला. चाळिसावा बैरामखान, एकेचाळिसावा हुमायून.

तुझ्या सरांना एक गोष्ट विचार. पताई रावळाचा गड, बेगड्याचे दरवाजे, तोफा, सगळं एका बाजूला. आणि गडाला खरं खाऊ कोण घालत होतं? डोंगराच्या मागल्या वाटा ठाऊक असलेली ती तूप वाहणारी माणसं. त्यांतल्या एकाचंही नाव अबुल फजलनं लिहिलं नाही. पाथ्यावर चालताना आजही मोळी घेऊन आडव्या वाटेनं उतरणाऱ्या बायका भेटतात. वाट चुकलात तर त्यांना विचारायचं, मोबाइलला नाही.

वरच्या पठारावर देवळाशिवाय काय आहे?
— एक वाचक, अलकापुरी

मौलिया पठार. दुधिया, छासिया अशी दुधाच्या घरातली नावं असलेली तळी, जैन मंदिरं, आणि डोंगरावरचं सगळ्यांत जुनं लकुलीशाचं देऊळ, दहाव्या-अकराव्या शतकातलं. लकुलीश हा पाशुपत शैवांचा आचार्य, आणि त्याचं स्थान मानतात ते कायावरोहण आपल्या डभोईकडचं. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडून तळ्याकडे वळणारे फार थोडे, तेव्हा शांतता मिळेल.

कधी जावं, काय न्यावं, परत कसं यावं?
— बऱ्याच जणांनी विचारलंय

दसरा उलटल्यापासून फाल्गुनापर्यंत. फाल्गुनात खाखरा, म्हणजे आपला पळस, उतारभर पेटलेला असतो. नवरात्रात, आश्विनातल्या आणि चैत्रातल्याही, भक्तीसाठी जा, बघण्यासाठी नको. पाय ठेवायला जागा नसते. उजाडता उजाडता चालायला लागा. पाणी भरपूर. खायला थालीपीठ किंवा दशम्या, पण पिशवी बंद ठेवा, वानरांना मराठी पदार्थ चांगले कळतात. चुनरीचं प्लॅस्टिक परत आणा. मी माझ्या वर्गातल्या पोरांना जसं सांगायची तसंच सांगतेय, रागावू नका. बडोद्याहून एस.टी. मिळते, थेट नाही मिळाली तर हालोलला बदला. परतताना सेव-उसळ खाणार असाल तर हालोलला थांबू नका, बडोद्यात येऊनच खा.